जंतू मारणारं मेम्ब्रेन येईपर्यंत हिरडीची सर्जरी लांबवावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 43. खालच्या उजव्या पहिल्या दाढेच्या मागच्या बाजूला 7 मिमीचं पॉकेट (हिरडी आणि दात यांच्यातली खोल फट), एक्स-रेत मुळालगत हाडात अरुंद, खोल खड्डा. डीप क्लिनिंग होऊन तीन महिने झाले तरी पॉकेट तेवढंच आहे. पेरिओडॉन्टिस्टने, म्हणजे हिरड्यांच्या डॉक्टरांनी, फ्लॅप (हिरडीचा पदर) उघडून बोन ग्राफ्ट (हाडाचं भरण) आणि वर कोलॅजनचं मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, घालायला सुचवलंय. मधल्या काळात ‘जंतुनाशक नॅनोफायबर मेम्ब्रेनमुळे हिरडी आणि हाड पुन्हा वाढणार’ अशी बातमी वाचनात आली. तेव्हा ते बाजारात येईपर्यंत थांबावं का, आणि आता साधं मेम्ब्रेन घालून पैसे वाया जातील का?

थांबू नका. उत्तर खरं तर इथेच संपतं. पण त्यामागची कारणं कळली तर सर्जरीआधी डॉक्टरांना काय विचारायचं तेही कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी हिरड्यांच्या सर्जरी करतो आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवतो; त्यांच्या प्रबंधांमध्ये हल्ली हा विषय सारखा येतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू रोज समोर असतात.

आधी मेम्ब्रेन करतं काय ते पाहू. पायोरियात हिरडी दातापासून सुटते, मुळाभोवतीचं हाड झिजतं आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू, म्हणजे पेरिओडॉन्टल लिगामेंट, नष्ट होतात. फ्लॅप उघडून मूळ स्वच्छ केलं की तिथे एक जागा मोकळी होते. ती भरायला चार ठिकाणच्या पेशी धावतात: हिरडीच्या वरच्या अस्तराच्या, हिरडीच्या आतल्या ऊतींच्या, हाडाच्या आणि उरलेल्या लिगामेंटच्या. मुळावर आधी कोण पोचतं त्यावर पुढचं सगळं ठरतं, असं मेल्चर यांनी 1976 मध्ये मांडलं. वरच्या अस्तराच्या पेशी सर्वांत चपळ. दिवसाला साधारण अर्धा ते एक मिमी सरकतात. त्या आधी पोचल्या की मुळावर एक पातळ अस्तर चढतं. जखम भरते, पॉकेटही कमी होतं, पण दात हाडाला पुन्हा बांधला जात नाही. मुळावर नवं सिमेंटम (मुळावरचा कठीण थर), त्यात रुतलेले तंतू आणि समोर नवं हाड हे सगळं घडवण्याची क्षमता लिगामेंटमधल्या पेशींत असते, आणि त्या संथ असतात. त्यांना वेळ मिळावा म्हणून मध्ये पडदा घालायचा. टोमॅटोच्या गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरतात तो तण दबावं म्हणून. पेपरमुळे रोप वाढत नाही, तण आड येत नाही म्हणून वाढतं. मेम्ब्रेनचं कामही एवढंच. त्यामुळे ‘हाड वाढवणारं मेम्ब्रेन’ असं कुठे छापलेलं दिसलं की मी थोडा सावध होतो.

माणसात हे पहिल्यांदा दाखवलं ते 1982 मध्ये, स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने. नीमन, लिंडे, कारिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या पुढच्या एका दाताभोवती मिलिपोर फिल्टर, म्हणजे प्रयोगशाळेत द्रव गाळायला वापरतात तो कागद, बसवला. तीन महिन्यांनी तो दात आजूबाजूच्या ऊतींसकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मुळावर नवं सिमेंटम आणि त्यात शिरलेले तंतू दिसले. 1986 मध्ये गॉटलो आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीला ‘गायडेड टिश्यू रिजनरेशन’ म्हटलं. पुढे गोअर-टेक्सचं, म्हणजे रेनकोटात असतं त्याच जातीच्या ताणलेल्या टेफ्लॉनचं, मेम्ब्रेन आलं आणि बरीच वर्षं तेच प्रमाण मानलं गेलं.

जंतुनाशक मेम्ब्रेनची कल्पना निघाली ती त्याच टेफ्लॉनच्या डोकेदुखीतून. ते विरघळत नसल्यामुळे चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा हिरडी उघडून काढावं लागे. त्याआधीच अनेकदा हिरडी आकसून त्याची कड तोंडात उघडी पडायची. एकदा उघडं पडलं की त्याच्या छिद्रांमध्ये प्लाक जमतो आणि जंतू पडद्याच्या कडेने खाली, नेमके जिथे नको तिथे, उतरतात. त्यावर उपाय म्हणून कोलॅजनची विरघळणारी मेम्ब्रेन्स आली. ती हिरडीला जास्त मानवतात, दुसरी सर्जरी वाचते. पण पायोरियाचा मुख्य आरोपी पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू कोलॅजन पचवणारी एन्झाइम्स बनवतो. बंद जखमेत काही आठवडे ते महिने टिकणारं मेम्ब्रेन उघडं पडल्यावर फार लवकर विरघळून जातं, म्हणजे पेशींना जो वेळ मिळवून द्यायचा होता तोच कमी पडतो. हाड वाढवून इम्प्लांट बसवण्याच्या सर्जरीत तर मेम्ब्रेन उघडं पडल्याचा फटका दाताभोवतीच्या सर्जरीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

म्हणजे गरज खरी आहे, आणि कल्पनाही बातमीत भासते तेवढी नवी नाही. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक 4 टक्के मिसळलेलं, जागेवरच घट्ट होणारं अॅट्रिसॉर्ब-डी नावाचं मेम्ब्रेन अमेरिकेत 2000 च्या आसपासच आलं होतं. टेट्रासायक्लिन गटाची ही औषधं निवडण्यामागे एक हुशारी होती: ती जंतूंना रोखतातच, शिवाय कोलॅजन तोडणाऱ्या एन्झाइम्सनाही आवर घालतात. तरीही त्या उत्पादनाने सर्जरीची पद्धत बदलली नाही. दुसरी वाट दाट टेफ्लॉनची. त्यात औषध नसतं, छिद्रंच 0.3 मायक्रॉनपेक्षा बारीक ठेवलेली असतात, म्हणजे तोंडातल्या बहुतेक जंतूंहून लहान. दात काढल्यावर हाडाची जागा राखायला ते मुद्दाम उघडं ठेवूनही चालतं. जंतूंशी लढण्यासाठी प्रत्येक वेळी औषधच लागतं असं नाही, हे त्यावरून दिसतं. मात्र तुमच्या दाढेच्या मागच्या खड्ड्यासाठी ती पहिली निवड नव्हे.

आता तुम्ही वाचलेल्या नॅनोफायबरकडे. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये पॉलिमरचं द्रावण बारीक सुईतून सोडतात, सुईला हजारो व्होल्टचा दाब देतात, आणि समोरच्या पत्र्यावर केसाहून कितीतरी बारीक धाग्यांचं जाळं जमा होतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पॉलिलॅक्टिक आम्ल, जिलेटिन, कायटोसान अशा गोष्टी त्यात एकत्र करता येतात आणि दोन बाजूंना वेगवेगळे गुण देता येतात. मार्को बॉटिनो यांच्या गटाने 2011 मध्ये असंच थराथरांचं मेम्ब्रेन मांडलं: हिरडीकडच्या बाजूला मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक, हाडाकडच्या बाजूला नॅनो-हायड्रॉक्सिअॅपटाइट, म्हणजे हाडातल्याच खनिजाचे सूक्ष्म कण, मध्ये ताकदीसाठी पॉलिमरचा गाभा. रचना म्हणून हे मला आजही पटतं, कारण दोन्ही बाजूंचं काम खरोखरच वेगळं आहे. त्यानंतर चांदीचे नॅनोकण, झिंक ऑक्साइड, तांबं, जंतुरोधक पेप्टाइड्स, बायोअॅक्टिव्ह ग्लास असे मिश्रणांचे असंख्य प्रकार आले.

यातलं प्रत्येक सारखं नाही. मेट्रोनिडॅझोल ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंवर चालतं, आणि खोल पॉकेटमधले पुष्कळसे जंतू तसेच असतात. माणसाच्या पेशींना त्याचा त्रासही कमी. पण उघड्या पडलेल्या कडेवर सुरुवातीला बसणारे स्ट्रेप्टोकॉकस वगैरे त्याला दाद देत नाहीत. चांदी सगळ्यांनाच मारते, अडचण हीच. ज्या मात्रेला जंतू मरतात आणि ज्या मात्रेला हिरडीच्या फायब्रोब्लास्ट पेशी आजारी पडतात, त्यांत फार अंतर नसतं. क्लोरहेक्झिडीनचंही तसंच: माउथवॉश म्हणून उत्तम, पण उघड्या जखमेत पेशींशी थेट, सतत संपर्कात ठेवायला कडक. कायटोसान सौम्य आहे, पण त्याची जंतुरोधक ताकद आम्लधर्मी वातावरणात जास्त दिसते आणि शरीराच्या सामान्य पीएचला उतरते. मला स्वतःला आशा वाटते ती झिंक आणि मॅग्नेशियमसारख्या मूलद्रव्यांत, कारण ती हाडाच्या पेशींना हवीच असतात आणि मात्रा जमली तर दोन कामं होतात. पण ‘मात्रा जमली तर’ यातच सगळं आलं.

मग हे अजून सर्जरीच्या ट्रेमध्ये का नाही? प्रयोगशाळेतल्या चाचणीत बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय हे जंतू घेतात. वाढवायला सोपे, म्हणून. काचेच्या बशीत मेम्ब्रेनचा तुकडा ठेवतात, भोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसतं आणि फोटो छापला जातो. तोंडात जंतू असे सुटे नसतात. ते बायोफिल्ममध्ये, एकमेकांना धरून, चिकट आवरणाखाली राहतात आणि त्या अवस्थेत औषधाला शेकडो पट कमी दाद देतात. पुढची पायरी म्हणजे उंदराच्या कवटीत भोक पाडून त्यावर मेम्ब्रेन ठेवणं. तिथे हाड भरून येताना छान दिसतं. पण त्या कवटीत दात नाही, मूळ नाही, लाळ नाही, प्लाक नाही, आणि जखम टाके घालून पूर्ण बंद आहे. जिथे जंतूच नाहीत तिथे जंतुनाशक मेम्ब्रेनची खरी परीक्षा होणार कशी? विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न विचारतो तेव्हा खोलीत शांतता पसरते. प्रबंध मात्र त्याच वाटेने पुढे जातो.

दुसरी अडचण वेळेची. नॅनोफायबरमधलं औषध बऱ्याचदा पहिल्या एक-दोन दिवसांतच भसकन बाहेर येतं. मेम्ब्रेन उघडं पडतं ते मात्र पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे ज्या दिवशी औषधाची गरज, त्या दिवशी साठा संपलेला. मग उरतो तो अगदी थोडा, जंतू मरणार नाहीत पण औषधाची सवय होईल एवढा झिरपणारा अंश. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न आपल्याकडे आधीच एवढा मोठा असताना असं काही तोंडात महिनाभर ठेवणं मला तरी प्रशस्त वाटत नाही. औषध हळूहळू सोडणारे उपाय निघत आहेत: धाग्याच्या आत धागा ठेवणं, सूक्ष्म गोळ्यांत औषध कोंडणं, जंतूंच्या एन्झाइमने बंध तुटला तरच औषध सुटेल अशी जोडणी. शेवटचा प्रकार खरा अक्कलहुशारीचा आहे. आणि मेम्ब्रेनमध्ये औषध आलं की मंजुरीचं गणितही बदलतं. भारतात 2017 च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली असं उपकरण वरच्या जोखीम वर्गात जातं. आधीच लहान असलेल्या बाजारासाठी तो खर्च करायला कंपन्या कचरतात.

आता तुमच्या पैशांचा मुद्दा. साध्या मेम्ब्रेनचा उपयोग किती? 2006 च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, हाडातल्या खड्ड्यांसाठी नुसत्या फ्लॅप सर्जरीच्या तुलनेत मेम्ब्रेन वापरल्यावर दाताला मिळालेली जोड सरासरी 1.22 मिमी जास्त भरली. कमी वाटतं, पण 7 मिमीचं पॉकेट 4 वर येणं आणि 5-6 वर अडकणं यांत दाताच्या आयुष्याचा फरक पडतो. हे मात्र सरासरीचे आकडे आहेत, आणि सरासरीभोवतीचा पसारा मोठा आहे. तो पसारा कशाने पडतो ते पाहिलं की मेम्ब्रेनची जात यादीत खूप खाली येते.

सर्वांत वर आहे तंबाखू. टोनेटी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये टेफ्लॉन मेम्ब्रेन लावलेल्या रुग्णांचा अभ्यास केला: वर्षभरात न ओढणाऱ्यांना सरासरी 5.2 मिमी जोड परत मिळाली, सिगारेट ओढणाऱ्यांना 2.1 मिमी. मेम्ब्रेन तेच. आपल्याकडे यात बिडी आली, आणि घरात कुणी सकाळी मशेरी लावत असेल तर तीही तंबाखूच आहे हे लक्षात ठेवा. ‘मी ओढत नाही हो, फक्त दात घासते’ हे उत्तर मी फार ऐकतो. तुम्ही यातलं काही घेत असाल तर कुठलंही मेम्ब्रेन विकत घेण्याआधी तो पैसा आणि ती जिद्द तंबाखू सोडण्यात घाला. मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर, पाहूनच तारीख ठरवा.

त्याखालोखाल येतो सर्जनचा हात. कोर्टेलिनी आणि टोनेटी यांनी दोन दातांमधली हिरडी शाबूत ठेवून अगदी छोटा फ्लॅप उघडण्याची पद्धत विकसित केली. 2011 च्या त्यांच्या चाचणीत 45 रुग्णांचे तीन गट होते: नुसता छोटा फ्लॅप, फ्लॅप आणि एनॅमल मॅट्रिक्स प्रथिनं (दात घडताना तयार होणारी, मुळावर लावायची प्रथिनं), आणि या दोन्हींसोबत बोन ग्राफ्ट. तिन्ही गटांत जवळपास 4 मिमी जोड मिळाली. हे निष्णात हातांचे, भिंगाखाली केलेल्या सर्जरीचे निकाल आहेत, ते सगळीकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. पण त्यातून जे दिसतं ते महत्त्वाचं आहे: रक्ताची गाठ खड्ड्यात हलली नाही आणि वरची हिरडी पहिल्या दिवसापासून बंद राहिली तर जंतूंना आत यायला दारच उरत नाही. बंद राहिलेली जखम हेच आज हाताशी असलेलं सर्वांत भरवशाचं जंतुरोधक मेम्ब्रेन आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

तिसरं, खड्ड्याचा आकार. 3 मिमी किंवा जास्त खोल, अरुंद, दोन-तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असलेला खड्डा भरतो. एक्स-रेत मूळ आणि हाडाची भिंत यांतला कोन 25 अंशांच्या आत असेल तर निकाल चांगले येतात, 37 च्या पुढे गेला की खालावतात. तुमच्या वर्णनात ‘अरुंद, खोल’ आहे, म्हणजे आत्ता तुम्ही चांगल्या गटात दिसता. इथेच थांबण्याची किंमत कळते. आजार सुरू राहिला तर भिंती झिजतात, खड्डा पसरट होतो. दाढ असल्यामुळे दोन मुळांच्या मधली जागाही उघडी पडू शकते, आणि ती आरपार झाली की आज माहीत असलेली कुठलीही पद्धत तिथे खात्रीने चालत नाही. दोन-चार वर्षांनी उत्तम मेम्ब्रेन बाजारात आलं तरी ते घालायला योग्य असा खड्डा तुमच्याकडे उरलेला नसेल.

बातमीत ‘हिरडी पुन्हा वाढणार’ असंही होतं. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडणं हा वेगळा प्रश्न आहे. तिथे टाळूतली ऊती घेऊन लावण्याची पद्धत अजूनही सर्वांत विश्वासाची आहे, मेम्ब्रेन नव्हे. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नका.

भारतात मेम्ब्रेनचे पर्याय कोणते, तर बहुतेक कोलॅजन गाय-बैल, डुक्कर किंवा मासा यांच्यापासून केलेलं असतं. खाण्यापिण्याचे किंवा धर्माचे नियम पाळत असाल तर आधीच विचारा. यात संकोचण्यासारखं काही नाही, डब्यावर स्रोत लिहिलेला असतो. एक पर्याय आपल्या जवळचाच आहे: मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेतून, जी 1988 पासून चालू आहे, वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं अॅम्नियॉन, म्हणजे गर्भाभोवतीचं पातळ आवरण, डॉक्टरांना मिळतं. अॅम्नियॉनच्या ऊतीत जंतुरोधक पेप्टाइड्स निसर्गतःच असतात, आणि ते मुळाला ओलसर कागदासारखं आपोआप चिकटतं. वाळवून, किरणं देऊन झाल्यावर त्यातला किती गुण टिकतो हा वादाचा विषय आहे. शिवाय ते इतकं पातळ असतं की खाली ग्राफ्टचा आधार नसेल तर खड्ड्यात खचतं. तुमच्याच रक्तातून बनवलेला पीआरएफचा पडदाही आपल्याकडे खूप वापरतात. स्वस्त आहे, जखम छान भरते, पण एक-दोन आठवड्यांत विरघळतो, त्यामुळे तो पूर्ण अर्थाने पडदा मानता येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेलं कोलॅजन आणि ग्राफ्ट हे रीतसर आणि समंजस नियोजन आहे.

डॉक्टरांना विचारा: खड्ड्याला भिंती किती आहेत, मुळांमधली जागा उघडी आहे का, दाढेची नस जिवंत आहे का, दात हलत असेल तर आधी तो जोडून स्थिर करणार का, आणि दोन दातांमधली हिरडी न कापता फ्लॅप उघडता येईल का. शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर मनापासून बोलू लागले तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात.

सर्जरीनंतरचे पहिले काही आठवडे त्या जागी ब्रश नाही, 0.2 टक्के क्लोरहेक्झिडीनने दिवसातून दोनदा चूळ, दात थोडे तपकिरी होतील, ते पॉलिशने जातात. त्या बाजूने चावायचं नाही. हळद, लवंगेचं तेल, तुरटी यांपैकी काहीही टाक्यांवर चोळू नका. ओठ-गाल ओढून आरशात रोज टाके बघण्याचा मोहही आवरा, त्या ओढण्यानेच फ्लॅप हलतो. पांढरट काही बाहेर डोकावताना दिसलं तर ते ओढू नका, कापू नका, त्याच दिवशी फोन करा. कोलॅजन असेल तर बहुधा स्वच्छता वाढवून निभावतं. सहा महिने त्या जागी पॉकेट मोजू नये. हाड भरलं का ते एक्स-रेत सहा ते बारा महिन्यांनी दिसतं. दर तीन महिन्यांच्या साफसफाईची तारीख चुकवू नका.

नवं जंतुरोधक मेम्ब्रेन मी स्वतः कधी वापरेन, असंही विचारलंत. माणसांमध्ये, खऱ्या पायोरियाच्या खड्ड्यांवर, तेच मेम्ब्रेन औषधासह आणि औषधाविना असे दोन गट समोरासमोर ठेवून किमान वर्षभराची चाचणी झाली, आणि त्यात किती मेम्ब्रेन्स उघडी पडली व त्या उघड्या पडलेल्यांचं पुढे काय झालं हे वेगळं मांडलेलं असलं, तर पहिल्या आठवड्यात मागवीन.